एक जूनचा जन्म

अक्का, गुरुजींच्या घरची मंडळी, समोर बसलेले आजी-माजी विद्यार्थी, आणि पारोळ्याहून, धुळ्याहून, कुठून कुठून या नांदरखेड्यात आलेले तुम्ही सगळे. सगळ्यांना माझा नमस्कार.

मला बोलायला उभं केलंय खरं, पण मी भाषणाची बाई नाही. माझा आवाज वर्गातला. समोर इतकी माणसं दिसली की मला आधी हजेरी घ्यावीशी वाटते. त्यातून आत्माराम गुरुजींवर बोलायचं. गुरुजी जाऊन आज दहा दिवस झाले. दहा दिवस मी काय बोलायचं ते घोकतेय, आणि इथे चढल्यावर पहिलंच वाक्य विसरले. चालायचंच. वय झालंय.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सुशीला सपकाळे. माहेर भुसावळचं, रेल्वे कॉलनीतलं. या गावच्या प्राथमिक शाळेत दोनच शिक्षक होते. एक गुरुजी, ते मुख्याध्यापक. दुसरी मी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. मध्ये भिंत नव्हती, एक फळा उभा केलेला होता. त्या फळ्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे ते, असे आम्ही एकोणीस वर्षं एकमेकांचा आवाज ऐकत शिकवलं.

मी इथे रडायला आलेले नाही. रडायचं ते घरी झालं. मला एक काम नेमून दिलंय. ते काम गुरुजींनीच दिलंय.

महिन्यापूर्वी मी त्यांना भेटायला जळगावला दवाखान्यात गेले होते. बोलताना त्यांना धाप लागत होती. तरी म्हणाले, "बाई, शोकसभा तर हे लोक घेतीलच. सगळे गोड बोलतील. तुम्ही रंजनाचं सांगा." मी म्हटलं, "गुरुजी, हे तुम्ही स्वतः सांगायचं होतं." ते म्हणाले, "हिंमत झाली नाही." मी म्हटलं, "मग मीच का?" त्यावर त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "तुम्ही समोर होता."

खरं आहे. मी समोर होते.

तेव्हा मंडळी, आधीच स्पष्ट सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला अंदाज घेत बसायला नको. गुरुजींच्या हातून एका मुलीचं मोठं नुकसान झालं. ते त्यांनी जन्मभर चारचौघांत कबूल केलं नाही. ती मुलगी, रंजना, आज बेचाळिशीची आहे. ती इथे आली आहे, खिडकीजवळ बसली आहे. मला हे तिच्यासमोर, तुमच्यासमोर सांगायचं आहे. सांगू की नको, यावर मी पुष्कळ डोकं फोडलं. आज सकाळी अक्कांना विचारलं. गेलेल्या माणसाच्या बायकोला न विचारता असं काही बोलणं मला बरं वाटेना. अक्का चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यासनी सांगेल शे ना? मंग बोला."

म्हणून बोलते.

पण आधी जे लोक बोलून गेले त्यातलं थोडं दुरुस्त करते. सवय आहे, माफ करा. मघाशी एका भाऊंनी सांगितलं की गुरुजी कधी रागावले नाहीत. हे काही खरं नाही. गुरुजी रोज रागावायचे. गैरहजर पोरांची नावं ते सकाळी देवळाच्या भोंग्यावरून पुकारायचे, बापाच्या नावासकट. अर्ध्या गावाला त्यामुळे जाग यायची. बाप लोक लाजेने पोरांना शाळेत आणून सोडायचे. आज इथे मागे उभे असलेले दोघे-तिघे असेच शाळेत आलेले आहेत. ते हसतायत, म्हणजे त्यांना आठवलं.

दुसऱ्या एकांनी सांगितलं की गुरुजी साधे होते. साधे कसले. अधिकारी तपासणीला आले की गुरुजी त्यांच्याशी पुस्तकी मराठी बोलायचे, आणि साहेबांची पाठ वळली की अहिराणीत त्यांची नक्कल करायचे. मला म्हणायचे, "बाई, तुम्ही भुसावळच्या. तुम्हाला वाटतं गाडी वेळेवर सुटली की काम झालं. इथे गाडीत बसवायला आधी माणसं घरून बोलवावी लागतात." हे खरंच होतं. त्यांनी माणसं घरून बोलवली. म्हाताऱ्यांना मोतीबिंदूच्या शिबिराला घेऊन गेले. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं आजीकडे ठेवून घेतली, आणि आजीला काही दुखलं-खुपलं तर तिचंही पाहिलं. शाळेच्या मागचा आड गाळमुक्त केला तेव्हा स्वतः दोरीला लटकून खाली उतरले होते, आणि वर येताना दोन माणसांना ओढावं लागलं होतं. वजन होतं त्यांचं.

हे सगळं खरं आहे. यातलं काही मी खोडणार नाही.

सगळ्यात जास्त कौतुक आज कशाचं झालं? जन्मनोंदीचं. गावात कुठेही मूल जन्मलं की गुरुजी तिसऱ्या दिवशी हजर. एका हातात झबलं, दुसऱ्या हातात ग्रामपंचायतीचा अर्ज. बाळाकडे पाहायच्या आधी विचारायचे, तारीख काय, वेळ काय, सुईण कोण होती. बाळंतिणीच्या सासूने "मंग सांगसू" म्हटलं की तिथेच ओट्यावर बसून राहायचे. निवृत्तीनंतरही हे थांबलं नाही. शेजारच्या पाच-सहा खेड्यांत ते यासाठी जायचे, आधी सायकलवर, मग लुनावर, शेवटी कोणाच्याही मोटारसायकलच्या मागे बसून. आत्ताच एक जण म्हणाला, गुरुजींना लहान मुलांची फार माया.

माया होती. पण ते माया होती म्हणून करत नव्हते. का करत होते, ते सांगते.

इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको, पण तरुण पोरांना गंमत वाटते म्हणून सांगते. आपल्या गावात चाळिशीच्या वरच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. तुमच्या मोबाईलवर त्या दिवशी शुभेच्छांचा पाऊस पडतो. नवरा-बायकोचा एकच वाढदिवस, दिराचा तोच, सासूचाही तोच. हे देवाने केलेलं नाही. हे आम्ही शिक्षकांनी केलं. शाळा उघडायच्या आधी आम्ही घरोघर फिरून पोरं गोळा करायचो, त्याला पटनोंदणी म्हणतात. पोराची जन्मतारीख विचारली की माय सांगायची, "विहिरीला पाणी लागलं त्या साली." बाप सांगायचा, "बैल मेला त्याच्या आधी." आम्ही अंदाजाने साल धरायचो आणि पुढे लिहायचो, एक जून. सहा वर्षं पूर्ण, दाखल. सगळे शिक्षक करायचे. जिल्ह्यात करायचे, जिल्ह्याबाहेर करायचे. यात कोणाला चूक वाटत नव्हती, आणि बहुतेक वेळा त्यात कोणाचं बिघडतही नव्हतं.

रंजनाला दाखल केलं त्या वर्षी मात्र साधा अंदाज नव्हता.

त्या वर्षी पट कमी भरत होता. एक पोर कमी पडत होतं. एक. पट भरला नाही तर शाळेतली दुसऱ्या शिक्षकाची जागा जायची. दुसरी शिक्षक मी. माझी रवानगी झाली असती चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी गुरुजींना काही म्हटलं नव्हतं. पण त्या आठवड्यात मी नीट जेवत नव्हते, हे त्यांना फळ्याच्या पलीकडूनही कळत होतं.

आम्ही रंजनाच्या वडिलांच्या, सुकलाल नानांच्या घरी गेलो. नाना शेतात होते. रंजनाची आई ओट्यावर शेंगा फोडत होती आणि रंजना तिच्या मागे पदर धरून उभी होती. एवढीशी. दातसुद्धा पडायला लागले नव्हते. गुरुजींनी विचारलं, हिला घालायची का यंदा? आई म्हणाली, "धाकली शे गुरुजी अजून. पोळाना दुसऱ्या दिनले व्हयनी. पाच बी पुरा नई व्हयनात."

बघा, ही एकच आई अशी भेटली जिला तारीख ठाऊक होती. पोळ्याचा दुसरा दिवस. म्हणजे जूनमध्ये पोर पावणेपाच वर्षांची.

गुरुजी म्हणाले, "शाळामा बसी तं शिकी, माय." आणि वहीत लिहिलं. एक जून. सहा पूर्ण. सवा वर्षाने पोर मोठी झाली. मी शेजारी उभी होते. मी पाहिलं. घरी जाऊन त्या दिवशी मी पोटभर जेवले.

रंजना माझ्या वर्गात आली. सगळ्यांत लहान, आणि सगळ्यांच्या पुढे. तिला पाटीवर हात पुरायचा नाही, म्हणून ती पाटी मांडीत उभी धरून लिहायची. गुरुजी चौथीला शिकवताना प्रश्न विचारायचे आणि फळ्याच्या अलीकडून दुसरीतली रंजना उत्तर द्यायची. गुरुजी खोटं रागवायचे, "तुझा नंबर आहे का?" मनातून त्यांना केवढा आनंद व्हायचा. चौथीनंतर ती शेजारच्या गावी हायस्कूलला गेली, मग एसटीने पारोळ्याला. बारावी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. अर्ज तिने स्वतः भरला होता. तो पाठवायच्या आधी गुरुजींना दाखवायला आणला, तेव्हा मी तिथेच होते. गुरुजींनी चष्मा पुसून पुसून तो अर्ज वाचला.

मंडळी, सुकलाल नाना वाईट माणूस नव्हता. आज तो नाही, पण त्याच्यामागे मी त्याला वाईट म्हणणार नाही. स्थळ चालून आलं होतं, रावेरकडचं. मुलगा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, घरी थोडी बाग. नानांच्या तीन मुली. त्याने लग्न ठरवलं. आणि तो कायद्याने चालणारा माणूस. याआधी गावात दोन लहान पोरींची लग्नं गुरुजींनी अडवली होती, पोलीस पाटलांना सोबत घेऊन. नानांनी ते पाहिलं होतं. म्हणून नाना थांबला. मे महिन्यातल्या तिथी सोडल्या. एक जून उलटू दिला. आणि पाच दिवसांनी लग्न धरलं.

हळदीच्या दिवशी रंजनाने धाकट्या बहिणीच्या हाती चिठ्ठी पाठवली. दोन ओळी होत्या. गुरुजी, मला नर्सिंगला जायचं आहे. तुम्ही या.

गुरुजी गेले. पोलीस पाटील सोबत होते, मी सोबत होते. अंगणात मांडव पडलेला, पाहुणे बसलेले. गुरुजी म्हणाले, "नाना, पोरीचं वय भरलेलं नाही. तिची आई सांगते पोळ्याचा जन्म." नाना उठला. आत गेला, पेटीतून एक कागद घेऊन आला. शाळा सोडल्याचा दाखला, आमच्या शाळेचा, चौथीनंतर दिलेल्याची दुसरी प्रत. तो त्याने गुरुजींच्या हातात दिला. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाला, "गुरुजी, हाई तुमनंच अक्षर शे ना? मी एक जून लगून थांबनू. कायदानी बाहेर नई गऊ."

दाखल्यावर गुरुजींचं अक्षर. गुरुजींची सही. लग्नाच्या दिवशी अठरा वर्षं पाच दिवस.

खरी पोर सोळाची. सतरा पूर्ण व्हायला तीन महिने कमी.

आता तुम्ही म्हणाल, सवा वर्ष म्हणजे काय मोठंसं. मीही पुष्कळ दिवस असंच म्हणत होते. पण खरी तारीख त्या दिवशी पुढे आली असती तर ते लग्न तिथेच कायद्याने थांबलं असतं. सवा वर्ष थांबलं असतं. सवा वर्षात ती नर्सिंगचं पहिलं वर्ष पूर्ण करती. आणि एकदा पोर शिकायला लागली की बाप तिला माघारी बोलवत नाही, हे मी एवढ्या नोकरीत पाहिलंय.

गुरुजींना एकच वाक्य बोलायचं होतं. ही तारीख चुकीची आहे, ती मी लिहिली. बस. ते वाक्य बोलले असते तर चौकशी लागली असती. निलंबन झालं असतं. रजिस्टर उघडलं असतं, आणि त्या वर्षी पट कसा भरला हेही उघडं पडलं असतं. पोलीस पाटील थांबले होते. पाहुणे थांबले होते. गुरुजींनी दाखला दोनदा वाचला. आणि म्हणाले, "हो. माझंच अक्षर आहे."

मग चप्पल घातली आणि निघाले. मी त्यांच्या मागून निघाले. 

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते रंजनाचं आहे, माझं नाही. मी तिची परवानगी घेतली आहे. लग्नानंतर वर्षाच्या आत तिला दिवस गेले. बाळंतपण अवघड गेलं. मूल वाचलं नाही. तिला जळगावला न्यावं लागलं, आणि ती वाचली. ही बातमी गावात आली त्या दिवशी गुरुजींनी मधल्या सुट्टीत शाळा सोडून दिली. मला म्हणाले, "बाई, मुलांना घरी पाठवा." एकोणीस वर्षांत एवढं एकदाच.

त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात गावात कोणाकडे तरी मूल जन्मलं. गुरुजी ग्रामपंचायतीतून अर्ज घेऊन त्या घरी गेले. ते पहिलं घर. तिथून ते थांबले नाहीत. आज तेविशीच्या आतलं जे कोणी इथे बसलंय, त्याची तारीख खरी आहे. ती गुरुजींनी बसून लिहून घेतली आहे. म्हणून म्हटलं, ती नुसती माया नव्हती. ते फेडणं होतं. आणि ते चुकीच्या घरी फेडत होते, हे त्यांना माहीत होतं.

बरोबर घरी ते एकदाच गेले. चार-पाच वर्षांनी. सोबत कोणी तरी हवं, असं म्हणाले, म्हणून मी भुसावळहून त्यांच्यासोबत रावेरला गेले. पिशवीत नर्सिंगचा नवा अर्ज होता. रंजनाने आम्हाला पाणी दिलं, चहा दिला. सासूबाई चांगल्या होत्या, बसल्या, बोलल्या. गुरुजींनी अर्ज पुढे केला. रंजनाने हात लावला नाही. म्हणाली, "गुरुजी, हे त्या दिवशी पाहिजे होतं." गुरुजींनी अर्ज पिशवीत ठेवला. मग ते केळीवर पडलेल्या रोगाबद्दल बोलले. पाऊणेक तास केळीच्या रोगाबद्दल बोलले. मला त्यांचा इतका राग आला होता की परतीच्या गाडीत मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

त्यांचा मला आजही राग येतो. खरंच येतो. जन्मभर दुसऱ्यांची पोरं निर्भीड करणारा माणूस, भोंग्यावरून गावाला जाब विचारणारा माणूस, एका पोरीसमोर "चुकलो" म्हणू शकला नाही. आणि मरताना ते ओझं माझ्या डोक्यावर ठेवून गेला. हे बरोबर नाही केलं, गुरुजी. मी त्यांना दवाखान्यात हे बोलले पण. ते हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही रागवायला शिकलात. आधी नुसत्या गप्प बसायच्या."

परवा मी रंजनाकडे गेले. माईकवरून तिला हे कळावं असं मला नको होतं. ती आता रावेरकडच्या त्याच गावात अंगणवाडी सेविका आहे. दोन मुलं आहेत, मोठी मुलगी कॉलेजला आहे. मी गेले तेव्हा ती अंगणवाडीचं रजिस्टर भरत होती. मी तिला सगळं सांगितलं. पट, माझी जागा, सहा पूर्ण, सगळं. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. तिने रजिस्टर बंद केलं आणि म्हणाली, "बाई, मना जलम मना मायले माहीत शे. मग मला माहीत नसेल का?"



मग ती म्हणाली, "त्या दिनले मी दारना मांगे उभी व्हतू. गुरुजी बोलतीन, असं वाटनं. मंग तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही गुरुजींकडे पाहत होतात."

मंडळी, हे मला गुरुजींनी सांगायला सांगितलेलं नाही. ते माझं आहे, म्हणून मी सांगते.

अंगणात गुरुजींनी दाखला दोनदा वाचला, तेव्हा ते बोलणार होते. मी एकोणीस वर्षं त्यांचा आवाज ऐकला आहे. बोलायच्या आधी ते घसा खाकरायचे. त्यांनी घसा खाकरला होता. आणि मी त्यांच्याकडे पाहिलं. हात जोडले नाहीत, डोळ्यांत पाणी आणलं नाही, नुसतं पाहिलं. माझी पोर तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती, सासूबाई अजून होत्या, नोकरी होती. ते सगळं त्या पाहण्यात होतं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग म्हणाले, हो, माझंच अक्षर आहे.

त्यांनी हे कधी काढलं नाही. पंचवीस वर्षांत एकदाही. दवाखान्यात मी "मीच का" म्हणून विचारलं तेव्हासुद्धा एवढंच म्हणाले की तुम्ही समोर होता. त्यांची चूक सांगा म्हणाले. माझी सांगा म्हणाले नाहीत. गुरुजी मोठे होते की भित्रे होते, हे तुम्ही ठरवा. मला ते दोन्ही वाटतात, आणि मला त्यांची फार आठवण येते.

मी रंजनाला म्हटलं, मी सभेत हे बोलू का? ती म्हणाली, "बोला. मी माफ केलं असं मात्र सांगू नका. मी अजून केलेलं नाही." मी म्हटलं, नाही सांगणार. म्हणाली, "मी ऐकायला येईन." आणि सकाळच्या गाडीने ती आली. तिच्या आधारवर आजही एक जून आहे. नोकरीच्या कागदावर एक जून आहे. उद्या निवृत्तीसुद्धा सवा वर्ष आधी येईल. आमची चूक अजून चालूच आहे, बंद पडलेली नाही.

अध्यक्षांनी मला शेवटी दोन मिनिटांचं मौन जाहीर करायला सांगितलं आहे. अध्यक्ष, ते कृपा करून तुम्ही करा. गुरुजींसाठी सगळ्यांनी उभं राहावं, ते त्या मानाचे आहेत. मला मात्र ते सांगता येणार नाही. या बाबतीत गुरुजी आणि मी पंचवीस वर्षं मौन पाळलं आहे. माझ्या वाट्याचं संपलं.

मला फक्त ते वाक्य बोलायचं आहे, जे त्या अंगणात बोलायचं होतं. उशीर झालाय, त्याचा आता काही उपयोग नाही, हे मला कळतं. रंजना, तू बसूनच राहा. मी उभी आहे.

थांबा. हे लग्न होऊ देऊ नका. दाखल्यावरची तारीख खोटी आहे. ती आत्माराम गुरुजींनी लिहिली आणि मी, सुशीला सपकाळे, माझी नोकरी वाचावी म्हणून गप्प बसले. ही पोर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मली आहे. ही अजून सतरा वर्षांचीसुद्धा नाही. तिला शिकायला जाऊ द्या.

गुरुजी, बोलले मी. नमस्कार.